उद्या बँक चालू आहे का?

निवृत्त झाले त्या दिवशी शाखेनं मला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन मोकळं केलं. नातेवाइकांनी मात्र अजून सोडलेलं नाही. कुठल्याही सणाच्या आदल्या रात्री नऊ-साडेनऊला फोन वाजला की पलीकडून काय येणार हे मला ठाऊक असतं. "अगं, उद्या बँक चालू आहे का?" कोथरूडची नणंद विचारते, धनकवडीचे भाऊजी विचारतात. एक मामेसासरे तर असे आहेत की गेल्या दहा वर्षांत त्यांनी बँकेची पायरी चढलेली नाही, पेन्शन परस्पर जमा होते, औषधं नातू आणून देतो. पण विचारतात. माहिती म्हणून. पुण्यात काम म्हणून विचारणाऱ्यांपेक्षा माहिती म्हणून विचारणारे नेहमीच जास्त.

मीही उत्तर देते, कारण सुट्ट्यांची यादी हा नोकरीभर माझा विषय होता. डिसेंबरात ती आली की कुणीतरी स्वच्छ टाइप करून नोटीस बोर्डावर लावायची, आणि हे कुणीतरी म्हणजे मी. चार टाचण्या टोचून मागे वळेपर्यंत बोर्डापुढे गर्दी झालेली असायची. पगारवाढीच्या परिपत्रकापुढेही एवढी गर्दी मी पाहिलेली नाही. आधी मोजायचं काय, तर रविवारी किती बुडाल्या. आमचे हेड कॅशियर रविवारी आलेल्या सुट्टीला 'वारली' म्हणायचे. "यंदा तीन वारल्या हो," असं अगदी पडेल आवाजात सांगायचे आणि मग शुक्रवार-सोमवारच्या जोड्या शोधायला लागायचे. कोकणात जाणारे, देवीला जाणारे, मुलीला बघायला पाहुणे यायचे असलेले, सगळ्यांचं वर्ष त्या एका कागदावर मांडलं जायचं.

हा कागद येतो कुठून, याचा मला नोकरी लागेपर्यंत पत्ता नव्हता. वाटायचं, सुट्ट्यांचा एखादा कायदा असेल. पण बँकांना ज्या कायद्यानं सुट्टी मिळते तो कायदा सुट्ट्यांचा नाहीच. तो हुंड्या, चेक आणि वचनचिठ्ठ्यांचा, म्हणजे पैसे द्यायच्या कागदांचा आहे. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. बँकेत कुणी एवढं लांबलचक नाव घेत नाही, इंग्रजी 'निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स'वरून 'एनआय ॲक्ट' म्हणतात. त्याच्या २५व्या कलमाला पडलेला प्रश्न अगदी व्यापाऱ्याचा आहे: हुंडीची मुदत नेमकी सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे? कायदा म्हणतो, आदल्या कामाच्या दिवशी. खात्याच्या परीक्षेला हा प्रश्न हमखास यायचा आणि हमखास चुकायचा. सुट्टी आली की काम पुढे ढकलायचं, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की ते अलीकडे ओढायचं असतं हे पटतच नाही.

पैसे आदल्या दिवशी द्यायचे ठरलं की पुढचा प्रश्न आलाच, सुट्टी म्हणायची कुठल्या दिवसाला? साहेबाच्या मूळ कायद्यानं नावानिशी सांगितले ते दिवस असे: रविवार, एक जानेवारी, नाताळ आणि गुड फ्रायडे. बाकी सरकार राजपत्रात जाहीर करील ते. म्हणजे आपली गणेश चतुर्थी आणि दिवाळी 'बाकी'मध्ये आली. पुढे केंद्रानं हा जाहीर करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. आता मंत्रालयातला सामान्य प्रशासन विभाग दर वर्षी अधिसूचना काढतो आणि महाराष्ट्राला साधारण २४ सुट्ट्या मिळतात. प्रजासत्ताक दिन ते नाताळ, मध्ये पारशी नववर्ष, महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, मोहरम, गुरू नानक जयंती. पंचविसावी एक एप्रिलची, ती फक्त बँकांना, हिशेब बंद करायला. ३१ मार्चला रात्री दोन वाजता घरी पोचलेल्या माणसानं दुसऱ्या दिवसाला सुट्टी म्हणावं की शुद्धीवर येणं म्हणावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कलम अजून जागेवर आहे, पण त्यातला जीव गेलाय असं मला वाटतं. डिसेंबर २०१९पासून एनईएफटीनं पैसे पाठवणं रात्रंदिवस चालतं, वर्षभरानं मोठ्या रकमांचं आरटीजीएस तसंच झालं, आणि ऑगस्ट २०२१पासून हप्तेसुद्धा रविवार-सणवार न बघता कापले जातात. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरकर्जाचा हप्ता जातो. पूर्वी लक्ष्मी निदान भाऊबीजेपर्यंत थांबायची.

आता अनंत चतुर्दशीचं सांगते. ती या यादीत नाही. पुण्याबाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. ज्या दिवशी सकाळी मंडईतून मानाचे गणपती निघतात आणि शेवटचा गणपती पाण्यात जाईपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते, त्या दिवशी पुण्यातल्या बँका कायद्यानं चालू. जिल्हाधिकारी वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देऊ शकतात आणि त्यातली एक बहुधा या दिवशी देतातही. पण ती सरकारी कचेऱ्यांना, शाळांना. एनआय ॲक्टखालची नसल्यामुळे बँकेला ती लागू नाही.

आमची शाखा लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका गल्लीत होती. रस्ते बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून त्या दिवशी साडेसातला मी शाखेत असायची. बरोबर दोन वेळचा डबा, कारण संध्याकाळी बाहेर कधी पडायला मिळेल याची खात्री नाही. शटर अर्धं वर. दहा वाजता व्यवहार सुरू, म्हणजे संगणक सुरू. साडेदहा-अकराच्या सुमाराला लांबून ढोल ऐकू यायला लागायचे. आधी ते ऐकू येत नाहीत, पायाला कळतात. मग काउंटरची काच बारीक थरथरायला लागते. एका वर्षी मी टाचण्यांचं उघडं डबडं काउंटरवर ठेवलं होतं. पथक गल्लीच्या तोंडाशी आलं तसं ते डबडं आपणहून सरकत सरकत कडेपर्यंत आलं आणि मी झेपावले तोवर खाली. भर मिरवणुकीत आम्ही तिघं जणं फरशीवर गुडघ्यांवर बसून टाचण्या वेचतोय आणि बाहेर शंभर माणसं ताशाची तर्री ऐकून बेभान झालीत, असं ते दृश्य होतं.

तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून एक आजोबा आत आले. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळाला गुलाल लागलेला, हातात पासबुक. बाहेर मुंगीला वाट नव्हती, हे आले कसे देव जाणे. आम्हाला वाटलं चक्कर आली असेल, पाणी हवं असेल. शिपाई खुर्ची घेऊन धावला. आजोबांनी खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. पासबुक पुढे सरकवून म्हणाले, "भरून द्या. म्हटलं आज गर्दी नसणार तुमच्याकडे."

भरून दिलं. एकच नोंद होती, व्याजाची.

अनंत चतुर्दशी यादीत घाला अशी मागणी आमच्या शाखेनं कधी केली का? नाही. सुट्टी असती तर टिळक रोडच्या एखाद्या गच्चीवर उभं राहून मिरवणूक बघितली असती, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नसतं. आषाढी एकादशीही यादीत नाही. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्काम करतात, नाना पेठ-भवानी पेठेत पाय ठेवायला जागा नसते, अख्खं शहर वारकऱ्यांना जेवू घालतं, आणि पुढे ज्या दिवसासाठी हे सगळं, तो दिवस बँकेच्या दृष्टीनं कामाचा. वारी शतकानुशतकं चालत आली ती कुणी सुट्टी दिली म्हणून नव्हे. पेरणी सोडून निघालेला माणूस रजेचा अर्ज कुणाकडे करणार?

कधी आषाढीला सुट्टी मिळालीच, तर ती चंद्राच्या कृपेनं. २०२३ साली बकरी ईदची सुट्टी यादीत २८ जूनला छापलेली होती. चंद्रदर्शनाप्रमाणे ईद २९ला आली, सरकारनं सुट्टी २९ला हलवली, आणि २९ जूनलाच आषाढी एकादशी होती. त्या रात्री माझा फोन बंद करून ठेवावा इतका वाजला. ईदच्या सुट्ट्या अशा हलतात याची बँकेत सवय असते. मी नोकरीत असताना ईदच्या आदल्या संध्याकाळी 'उद्या की परवा' याच्या वार्तेसाठी सगळे थांबून राहायचे. यादीखाली मी दर वर्षी एक ओळ टाइप करायचे: 'वरील दिनांक चंद्रदर्शनानुसार बदलू शकतो.' अख्ख्या शाखेतला तेवढाच एक कागद होता, ज्यात सरकारनं आपल्यावर कुणी आहे हे कबूल केलेलं होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरात ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या, २८ तारखेला. दोन मिरवणुका एका दिवशी नकोत म्हणून मुस्लिम समाजातल्या मंडळींनीच जुलूस पुढे नेला आणि सुट्टीही २९ला करून मागितली. सरकारनं दिली. याच्यावर मी कुणी अग्रलेख लिहिलेला पाहिला नाही. २०२५मध्ये मुंबईत वेगळंच झालं. गोपाळकाला आणि अनंत चतुर्दशी, दोन्ही स्थानिक सुट्ट्या शनिवारी आल्या. फेब्रुवारी २०२०च्या अखेरीपासून सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा, म्हणजे शनिवार आधीच सुट्टीचा. हेड कॅशियरांच्या भाषेत दोन्ही वारल्या. मग अगदी तोंडावर त्या रद्द होऊन नारळी पौर्णिमा आणि ज्येष्ठ गौरी विसर्जनाला सुट्टी मिळाली. कुणाचा सण मोठा याचा वाद नव्हता. वाराचा हिशोब होता. बहुतेक बदल असेच असतात, हिशोबाचे. आपण उगाच त्यात संस्कृती शोधतो.

वाराचा हिशोब जुळतो, तिथीचा जुळत नाही. माझ्या माहेरी टिळक पंचांग. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आकाशात राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची याचा हा वाद आहे. टिळकांच्या पक्षाला रेवतीचा तारा प्रमाण, बाकीच्यांचं चित्रा ताऱ्यावरून चालतं. दोहोंत जेमतेम चार अंशांचा फरक. एरवी तो कळत नाही. आमच्याकडे संक्रांतीचा तिळगूळ १० जानेवारीला वाटला जातो आणि शेजारी तो "अरे वा, लवकर!" म्हणून खातात, इतकंच. पण अधिक मास आला की पंचाईत होते, कारण कधीकधी दोन्ही पंचांगांचा अधिक महिना वेगळा निघतो. २०२३ साली सगळ्यांचा अधिक श्रावण होता, आमचा नव्हता. त्यामुळे सगळ्या जगाचे गणपती १९ सप्टेंबरला आणि आमचे २० ऑगस्टला.

नशिबानं २० ऑगस्ट रविवार होता, बाप्पानं तेवढी सोय बघितली. पण गौरी आल्या त्याच आठवड्यात, कामाच्या दिवशी. माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिनं गौरी जेवणासाठी रजा मागितली. तिचा वरिष्ठ मराठीच, नगरचा. त्यानं कॅलेंडर उघडून तिला दाखवलं की गौरी पुढच्या महिन्यात आहेत. ती म्हणाली, आमच्या आत्ता आहेत. तो म्हणाला, मग पुढच्या महिन्यात परत मागशील का? ती म्हणाली, नाही. त्यानं बराच वेळ विचार करून विचारलं, "म्हणजे तुम्ही मराठीच ना?"

आई गेली त्याला बरीच वर्षं झाली. पण बाजारात गणपतीची मूर्ती नाही, दुर्वांची जुडी नाही, केवडा नाही, कुणाच्या घरातून आरतीचा आवाज नाही, आणि आपल्या एकट्याच्या घरात गणपती बसलेत, ही तिची असहाय्य चिडचिड मला अजून आठवते. सुट्टीशी तिला काही देणंघेणं नव्हतं, तिला सोबत हवी होती. सार्वजनिक सुट्टीतला 'सार्वजनिक' हा शब्द मला तिच्यामुळे कळला. बरं, हे सगळं एका सूत्रात आणायचा प्रयत्न झालेला नाही असंही नाही. १९५२ साली मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिनं देशात तीसेक पंचांगं चालू असल्याचं नोंदवलं. समितीवर पुण्यातून 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. २२ मार्च १९५७पासून राष्ट्रीय कॅलेंडर लागू झालं. ते राजपत्रावर छापतात, आकाशवाणीवर सांगतात. त्याप्रमाणे गणपती बसवणारं घर मला अजून भेटायचंय.

तारीख बदलणं काय असतं याचा सगळ्यात मोठा धडा महाराष्ट्राला मिळाला तो शिवजयंतीनं. वर्षानुवर्षं ती वैशाखात व्हायची, शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया धरून. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेध्यांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची वही, टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली ती पुढे मांडली गेली. तिच्यात जन्म होता शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरी. म्हणजे आपल्या जुन्नरलाच, पण तीन वर्षं उशिरा. त्यानंतर पन्नास वर्षं वाद. १९६६ साली सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली. तिचंही एकमत झालं नाही. अखेर या शतकाच्या तोंडाशी सरकारनं १९ फेब्रुवारी ही तारीख धरली आणि सुट्टी तिकडे गेली. त्यावर पुन्हा, राजांची जयंती इंग्रजी तारखेनं कशी, म्हणून तिथीनं साजरी करणारे वेगळे. गंमत म्हणजे १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्यूलियन कॅलेंडरची तारीख, आजच्या कॅलेंडरानं तो दिवस एक मार्चला येतो. हे मी एकदा शाखेत बोलून गेले. त्यानंतर हे ज्ञान कुठे पाजळायचं नाही एवढं मी शिकले.

नवा दिवस मिळतो, जुना हलतो. ही दोन्ही भांडणं लोक पचवतात. काढून घेतलेला दिवस पचत नाही. दोन ऑगस्टची गोष्ट माझ्या मनातून जात नाही ती म्हणूनच. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीजांकडून सोडवायला जी पोरं गेली त्यांत पुण्यातली कितीतरी होती. बाबासाहेब पुरंदरे, सुधीर फडके ही नावं आपल्याला निराळ्या कारणांनी ठाऊक आहेत, पण त्या लढ्यात ती होती. दोन ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. तिथे हा दिवस मुक्तिदिन म्हणून सुट्टीचा असायचा. २०२१च्या यादीत तो नव्हता. तिथला एक रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. १५ ऑगस्टला देशाला सुट्टी मिळते, तर आम्ही ज्या दिवशी स्वतंत्र झालो त्या दिवशी आम्हाला का नको? याच भागात २०१९ साली गुड फ्रायडेची सुट्टी काढली होती, ती याच न्यायालयानं परत द्यायला लावली होती, हेही त्यानं दाखवलं.

जानेवारी २०२२मध्ये न्यायालयानं याचिका फेटाळली. सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही, तो सरकारच्या धोरणाचा भाग आहे, त्यानं कुठल्या मूलभूत हक्काला बाधा येत नाही. शिवाय, आपल्या देशात सुट्ट्या फार झाल्यात, त्या कमी करायची वेळ आली आहे. हे शेवटचं वाक्य पेपरात वाचून ह्यांनी मोठ्यानं विचारलं, "आणि उन्हाळ्याची?" ह्यांची नोकरी कारखान्यातली, ह्यांना कोर्टाच्या सुट्ट्यांविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार आहे.

कायदा म्हणून निकाल बरोबरच असणार. कुणाला सुट्टी मागायचा हक्क दिला तर ३६५ दिवस पुरणार नाहीत. उत्तर प्रदेशात सुट्ट्या ४२वर गेल्या होत्या, २०१७ साली तिथल्या सरकारनं मुख्यतः जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या अशा १५ एका फटक्यात काढल्या, त्या दिवशी शाळेत मुलांना त्या माणसाबद्दल सांगा म्हणाले. हे मला तत्त्वतः पटतं. आमच्या फुल्यांची ११ एप्रिल कुठे यादीत आहे? तरी गंज पेठेतल्या त्यांच्या वाड्यावर त्या दिवशी रांग असते. पण ज्याची सुट्टी कधी नव्हतीच त्याचं, आणि ज्याची होती आणि एका अधिसूचनेनं नाहीशी झाली त्याचं, एक कसं असेल? जेवायला न बोलावणं वेगळं. पानावरून उठवणं वेगळं. सिल्वासाच्या त्या माणसाला एक दिवसाची झोप हवी होती असं मला वाटत नाही.

देतानाही कधी घाई असते. अयोध्येतल्या राममंदिरासाठीची २२ जानेवारी २०२४ची सुट्टी १९ तारखेला जाहीर झाली. चार विधी विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले, रविवारी खास खंडपीठ बसलं, याचिका फेटाळली गेली. माझ्यासाठी तो शनिवार-रविवार फोनवर गेला. मामेसासऱ्यांनी दोनदा केला.

या सगळ्या यादीत पहिला येतो रविवार. तोही वरून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, मूळचे आपल्या खेडजवळच्या कन्हेरसरचे. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी सात वर्षं रविवारची सुट्टी मागितली आणि १० जून १८९०ला ती पदरात पाडून घेतली. रविवार का, तर तो आमच्या खंडोबाचा वार, असं त्यांनी सांगितल्याचं म्हणतात. साहेब चर्चला जातो म्हणून मिळालेली सुट्टी गडी जेजुरीला वापरणार. मला हे फार आवडतं. दुकानात, हॉटेलात, मॉलमध्ये काम करणाऱ्यांना मात्र त्या २४मधलं फार काही मिळत नाही. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात त्यांना सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालकाशी ठरवून आणखी चार. चार सणांत वर्ष बसवायचं.

आणि जिला या कुठल्याच कायद्यात जागा नाही त्या आमच्या मावशी. जनता वसाहतीतून येतात, भांडी-फरशी करतात, अकरा वर्षं झाली. सणाच्या आदल्या दिवशी त्याही विचारतात, "ताई, उद्या सुट्टी हाय का?" पहिल्यांदा मला वाटलं, त्यांना सुट्टी हवी आहे. मी लगेच म्हटलं, नका येऊ. त्या हसल्या. त्यांना विचारायचं होतं, उद्या तुम्ही सगळे घरी आहात का. म्हणजे भांडी दुप्पट, तळण असणार, कढई घासायला वेळ लागणार, तर पुढच्या घरी निरोप द्यायला बरं. सरकार २४ दिवस जाहीर करतं ते मावशींच्या हिशोबात २४ जास्तीच्या कढया असतात. तेव्हापासून सणाच्या दिवशी कढई आम्ही घासतो, पण हे सांगून मी काही मोठेपणा घेत नाही. सात वर्षं त्यांनीच घासली.

त्यांची स्वतःची सुट्टी एकच, गावच्या भैरवनाथाची जत्रा. वेल्ह्याकडचं गाव. रात्री छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, मटण, लेकीबाळी माहेरी आलेल्या. तीन दिवस. त्यासाठी त्या परवानगी मागत नाहीत, सांगतात. या वर्षी मार्चमध्ये एक दिवस ओट्यापाशी उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, जत्रंचं लिहून ठिवा. हनुमान जयंतीपास्नं आठवा दिस." मी कॅलेंडर उतरवलं, पान उलटलं, त्यांनी बोटानं चौकटी मोजल्या. चैत्र वद्य अष्टमी. चौकटीत वर चतकोर चंद्र छापलेला, खाली कुणाची तरी पुण्यतिथी, वार काळ्या शाईत.

"लाल पेनानं करा," मावशी म्हणाल्या.

मी लाल पेन शोधून आणलं आणि तीन चौकटींना गोल केले. तेवढ्यात फोन वाजला. धनकवडीचे भाऊजी. गुड फ्रायडेला बँक बंद असते की चालू? बंद, म्हटलं. गोलांच्या खाली जरा जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहून ठेवलं: भांडी – ह्यांच्याकडे. मावशींनी विचारलं काय लिहिलं. वाचून दाखवलं तर पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या, आणि ह्यांनी पेपर खाली केला.